आड, बारव आणि आपलं उद्याचं पाणी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय विचारायला कार्यकर्ते घरी आले तेव्हा मी 'विहीर' एवढंच सांगितलं. एखाद्या कादंबरीबद्दल बोलणार असेन असं त्यांना वाटलं. पण मला बोलायचंय ते खऱ्याखुऱ्या, दगडी, पाण्याच्या विहिरीबद्दल. नोकरीची वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, तेव्हा मला येतं ते एवढंच.

आधी एक प्रश्न. आपल्यापैकी किती जणांच्या घरामागे किंवा गल्लीत एक आड आहे, ज्यावर आज फरशी घातलीय किंवा ज्यात घराचा राडारोडा टाकलाय? हात वर करू नका, मनात मोजा. आदिलाबादच्या जुन्या वस्त्यांत राहणाऱ्या बहुतेक घरांना असा एक आड आठवेल. त्या आडाचं पाणी आपल्या आजीने शेंदलं. बाळंतीण घराबाहेर पडली की आधी विहिरीची ओटी भरायची, मगच घागर उचलायची. मग नळ आला, त्याच्यामागे बोअर आलं, आणि आड निरुपयोगी झाला. पुढे तो धोकादायक वाटू लागला, आणि शेवटी कचराकुंडी झाला.

नळाबद्दल माझी तक्रार नाही. मिशन भगीरथचं काम तेलंगणात २०१६ पासून उभं राहिलं आणि हंड्यासाठी मैलभर चालणाऱ्या बायकांचे पाय वाचले, हे मोठं पुण्य आहे. पण नळाचं पाणी कसं येतं ते पाहा. दूरच्या जलाशयातून उचलायचं, शुद्ध करायचं, पंपाने ढकलायचं आणि मैलोगणती पाइपातून गावापर्यंत आणायचं. या साखळीत तीन कड्या आहेत : धरणात पाणी हवं, वीज हवी आणि पाइप धड हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना यातली एक कडी चार दिवस तुटली, तर गावाजवळ दुसरं काय आहे? टँकर. पण टँकर तरी कुठून भरणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपल्या म्हाताऱ्या म्हणत आल्या आहेत.

हे भय घालण्यासाठी सांगत नाही. आपल्या शेजारच्या मराठवाड्यात हे घडून गेलंय. २०१६ साली लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी आणि टँकर भरण्याच्या जागी जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. त्या गाडीची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली असतील. पण एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहिली. साडेतीनशे किलोमीटरवरून आलेलं ते पाणी आधी उतरवून घेतलं ते स्टेशनजवळच्या एका मोठ्या विहिरीत! रेल्वे होती, वाघिणी होत्या, पंप होते, सरकारी यंत्रणा होती. तरीही वेळेला उपयोगी पडायला एक विहीरच लागली.

आता कोणी म्हणेल, लातूरला पाऊस कमी, आपल्याकडे तसं नाही. खरं आहे. आदिलाबादला वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पैनगंगा उशाला आहे, कुंतालाचा धबधबा श्रावणात पाहून यावा असा आहे. मग आपल्या विहिरी उन्हाळ्यात तळाला का जातात? याचं उत्तर पायाखालच्या जमिनीत आहे.

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, त्यात आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले आणि आपण इथे राहिलो. २०१६ साली आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नकाशा बदलला, खडक बदलला नाही. आपल्या पश्चिमेच्या मोठ्या पट्ट्यात मराठवाड्यासारखाच काळा पाषाण आहे, तर काही भागात पैनगंगेच्या नावाने ओळखला जाणारा चुनखडक. काळ्या पाषाणाच्या मुलखात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळ खडक आणि सगळ्यांत खाली घट्ट पाषाण अशी उतरंड असते. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. घट्ट पाषाण म्हणजे बंद दार. म्हणजे आपलं भूगर्भातलं भांडं उथळ आहे. पावसाळ्यात ते लवकर भरतं आणि दिवाळीनंतर हळूहळू नाल्याओढ्यांतून रिकामंही होतं. हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडून जातो, पण पिणारी तोंडं बारा महिने असतात. जुन्या लोकांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होतं. म्हणून त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला तळं केलं आणि खालच्या अंगाला विहिरी खणल्या. तळं झिरपायचं आणि विहीर ते झिरपलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायची.

आता विहीर मरते कशी ते पाहू, कारण आजार कळल्याशिवाय औषध देता येत नाही. चार कारणं आहेत. पहिलं कारण गाळ. कठडा पडला की पावसाचं गढूळ पाणी आत येतं आणि झऱ्यांची तोंडं बुजतात. पाणी भेगेत असतं, पण आत यायला वाट नसते. दुसरं कारण बांधकाम. दरजांतला चुना निघतो, पिंपळाची मुळं शिरतात आणि दगड सुटतात. तिसरं कारण वरचं तळं. ते बुजलं किंवा त्याच्यावर घरं झाली की झिरपणं थांबतं. चौथं कारण म्हणजे शेजारचं खोल बोअर. मुरमातलं पाणी बोअरच्या वाटेने खाली उतरतं आणि विहीर वरच्या वर कोरडी पडते. पहिल्या दोन आजारांवर आपण श्रमाने आणि पैशाने इलाज करू शकतो. पुढच्या दोहोंसाठी गावाचं एकमत लागतं. म्हणूनच नुसता गाळ काढून फोटो काढणाऱ्यांची विहीर दोन वर्षांत पुन्हा आटते.

विहिरी जिवंत करता येतात याचे दाखले लांब शोधायला नकोत. आपल्याच राज्यात, सिकंदराबादच्या बन्सीलालपेठेत सतराव्या शतकातली एक बावडी आहे. सहा मजले खोल. तिच्यात चार दशकं कचरा पडत होता. तिथे बावडी आहे हेच नव्या पिढीला माहीत नव्हतं. महानगरपालिका, नगरविकास प्राधिकरण आणि 'द रेनवॉटर प्रोजेक्ट'च्या कल्पना रमेश यांनी मिळून ते काम हाती घेतलं. कचरा उपसत उपसत खाली गेले, आणि तळाकडे पोचल्यावर काय झालं? पाणी येऊ लागलं! झरे जिवंतच होते. ५ डिसेंबर २०२२ रोजी ती बावडी लोकांसाठी खुली झाली. तिच्यात बावीस लाख लिटर पाणी मावतं. मघाशी लातूरच्या गाडीचा आकडा सांगितला, तो आठवा. पन्नास वाघिणींत जेवढं पाणी यायचं, जवळजवळ तेवढं या एका जुन्या बावडीत बसतं.

गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांच्या आवारातल्या बड्या बावडीची एक बाजू २०१३ च्या पावसात कोसळली होती. आगाखान ट्रस्टने ती दगड दगड लावून पुन्हा उभी केली. गोवळकोंड्याच्या बावड्यांच्या या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आणि तिकडे मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी आपल्या चक्राकार बारवेतला गाळ स्वतः उपसला. आता महाराष्ट्रात महाशिवरात्रीला ठिकठिकाणच्या बारवांत दीपोत्सव होतात. आपण बाव, बावडी म्हणतो, आपले तेलुगू शेजारी बावी म्हणतात. शब्द एकाच संस्कृत 'वापी'तून आलेत. तेव्हा या कामात भाषेची भिंत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. तरुण मुलांनी इथे जरा कान द्यावा.

काम करायचं वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना. पण त्याच्या आधी वर्षभर एक साधी नोंद ठेवायची. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. ही वही म्हणजे विहिरीची नाडी. तिच्यावाचून सगळा अंदाजपंचे कारभार.

उपसा सावकाश करायचा. जुन्या बांधकामाला आतल्या पाण्याचा आधार असतो. मोठे पंप लावून एका दिवसात तळ दाखवला, तर मागच्या ओल्या मातीच्या दाबाने भिंत आत येऊ शकते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं सांगतो : माणूस आत उतरवण्याची घाई करू नका. कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो. आपले लोक कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर उतरायचं नाही हे बरोबर, पण कंदील तेवत राहिला म्हणजे वायू नाही असं मुळीच नाही. काही वायू दिव्याला कळत नाहीत. वायूमापक यंत्र आणा, पंख्याने ताजी हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधा आणि वर दोन माणसं सतत उभी ठेवा. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीच्या आत कधीही उतरवू नका, त्याच्या धुराने माणसं मेलेली आहेत. आणि आतला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. अशा वेळी एकामागून एक तीन-चार जण जातात. एका विहिरीपायी एकाही घराचा दिवा विझता कामा नये. हे जमत नसेल तर काम जाणकार ठेकेदाराकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

गाळ निघाला की झरे दिसतात. बांधकाम दुरुस्त करताना एक चूक नेहमी होते : हौसेने आतून सगळीकडे सिमेंटचा गिलावा करतात, तळालाही काँक्रीट घालतात. विहीर सुंदर दिसते आणि झरे कायमचे बंद होतात. नियम उलटा आहे. वरची सहा मीटर भिंत पाणी न झिरपणारी हवी, म्हणजे गटाराचं घाण पाणी आत येत नाही. त्याखाली मात्र पाण्याला वाट ठेवायची आणि तळ उघडा सोडायचा. वर पाऊण मीटर उंचीचा कठडा, भोवती मीटरभर रुंदीचा उतरता ओटा आणि सांडपाण्याला नाली करायची. तोंडावर जाळी हवीच, मुलंबाळं आणि गुरंवासरं यांच्यासाठी. संडास, उकिरडा, गोठा किमान पंधरा मीटर लांब हवा.

मग हिशेब. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर. चार मीटर पाणी असेल तर एक लाख तेरा हजार. पण साठा म्हणजे येवा नव्हे. उपसून झाल्यावर पाणी किती वेळात किती चढतं ते घड्याळ लावून मोजायचं. समजा चार तासांत मीटरभर चढलं, तर तासाला सात हजार लिटर. विहीर भरत आली की वेग मंदावतो, म्हणून चोवीस तासांच्या हिशेबातलं निम्मंच धरायचं, म्हणजे दिवसाला ऐंशी हजार लिटर. अडचणीच्या दिवसांत पिण्याला, स्वयंपाकाला आणि हातपाय धुण्यापुरतं माणशी वीस लिटर धरलं, तर ही एक विहीर चार हजार माणसांना सांभाळते. अशा पंचवीस विहिरी म्हणजे एक लाख माणसं. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर लाखाच्या वर होतं आणि त्यानंतर ते वाढलंय. म्हणजे विहिरी नळाची जागा घेणार नाहीत, पण नळ बंद पडला तर गाव तहानेने मरणार नाही इतकी हमी त्या देतील. मी एवढंच म्हणतो, याहून जास्त नाही.

पाणी दिसायला निवळशंख म्हणून पिऊ नका. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर, नायट्रेट पंचेचाळीसच्या वर असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. उकळूनही हे दोष जात नाहीत. जंतूंसाठी टीसीएल पावडर. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे आपल्या एक लाख तेरा हजार लिटरला पाव किलोपेक्षा थोडी जास्त. ती सरळ विहिरीत भिरकावायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्यात खाली सोडून हलवायची. तासाभराने चाचणी घ्यायची. हे काम रात्री केलं तर सकाळी पाणी तयार.

आता त्या अवघड दोन आजारांकडे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर. वीस टक्के वाया गेलं असं धरलं तरी ऐंशी हजार लिटर जमिनीत घालता येतं. पण छपराचं पाणी थेट पिण्याच्या विहिरीत सोडू नका. पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग दगड, खडी, वाळू भरलेल्या खड्ड्यातून ते मुरू द्या. आणि हेही समजून घ्या, की आपलं भांडं उथळ असल्यामुळे श्रावणात मुरवलेलं सगळं पाणी वैशाखापर्यंत थांबत नाही. म्हणून उपशावर लगाम हवाच. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्याप्रमाणे पीक ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला लावला. कायदाही आहे. आपल्याकडे २००२ चा पाणी, जमीन आणि वृक्ष कायदा सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून अडीचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेऊ देत नाही. महाराष्ट्रात हे अंतर पाचशे मीटर आहे. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला समजावलं तरच कायदा टिकतो.

आणि एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. जुन्या विहिरींबद्दल आपण फार गोड बोलतो. पण त्या सगळ्यांच्या नव्हत्या. कोणी काठावर यायचं आणि कोणी लांब उभं राहून ओंजळ पुढे करायची, हे ठरलेलं असायचं. म्हणून १८६८ साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. आपण विहीर दुरुस्त करू ती त्या जुन्या शिस्तीसकट नव्हे. मराठी, तेलुगू, गोंड, मुसलमान, वस्तीतला प्रत्येक माणूस तिच्या काठावर सारख्याच हक्काने येईल, असं आधी ठरवू, मगच पहिलं घमेलं उचलू. विहिरीच्या समितीत पाणी भरणाऱ्या बायका निम्म्या हव्यात. विहीर केव्हा आटते हे त्यांना आपल्याआधी कळतं.

गणेशोत्सवात बोलतोय म्हणून विसर्जनाबद्दलही एक शब्द. प्लॅस्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि झऱ्याचं तोंड बंद करते. मूर्ती शाडूची असो की मातीची, वस्तीतल्या पिण्याच्या विहिरीत विसर्जन नको. हौद आहे, घरची बादली आहे. बाप्पाला त्यात राग येण्यासारखं काही नाही. तो विघ्नहर्ता आहे, त्याच्या नावाने आपण विघ्न करू नये.

तर मंडळापुढे माझा प्रस्ताव साधा आहे. कोजागरीपर्यंत आपापल्या वस्तीतल्या आड-विहिरींची यादी करा : जागा, मालकी, खोली, पाणी आहे की नाही. कोजागरीच्या दुधाबरोबर ती यादी वाचू. तिथून दर महिन्याला पातळीची वही. संक्रांतीपर्यंत एक विहीर निवडू. एकच, दहा नकोत. मालकाची लेखी संमती आणि नगरपालिकेची परवानगी घेऊ. यंदाच्या वर्गणीतून सजावटीचा थोडा भाग बाजूला ठेवू. अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावाने पाण्याचा घडा दान देतो. ऐन उन्हाळ्यात येणारा तो सण आहे, आणि विहिरीचं कामही तेव्हाच करायचं असतं. तेव्हा यंदाच्या घड्याबरोबर पितरांनी खणलेला एक आड गावाला परत देऊया.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपण मुलांना शिकवतो. आपल्याला तर खणायचीही नाही. ती खणलेली आहे, दगडांनी बांधलेली आहे, फक्त फरशीखाली आहे. फरशी उचलायला चार हात हवेत. ज्यांना यायचंय त्यांनी आरतीनंतर आपली नावं व्यासपीठापाशी ठेवलेल्या वहीत लिहावीत.

गणपती बाप्पा मोरया!